परीक्षाच द्यायच्या, तर पदवी कशाला?

‘अ‍ॅक्च्युअरी व्हायला शेवटी व्यावसायिक संस्थेच्या परीक्षाच द्याव्या लागतात ना? त्या तर कुठल्याही विषयाची पदवी असली तरी देता येतात. मग विद्यापीठात अ‍ॅक्च्युअरियल सायन्सच घेऊन इतकी वर्षं का घालवलीत?’ हा प्रश्न मला कॉलेज निवडायला निघालेली मुलं विचारतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे वडील. अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमा आणि पेन्शन यांतल्या जोखमीचा हिशेब करणारा माणूस, आणि अ‍ॅक्च्युअरियल सायन्स म्हणजे त्या हिशेबाचं शास्त्र.

प्रश्न रास्त आहे. गणित, संख्याशास्त्र, इंजिनीअरिंग, अर्थशास्त्र शिकून अ‍ॅक्च्युअरी झालेले कितीतरी लोक आहेत आणि त्यांचं काही अडलेलं नाही. काही विद्यापीठांतल्या विषयांत ठरावीक मार्क मिळाले, तर व्यावसायिक परीक्षेच्या सुरुवातीच्या काही पेपरांतून सूट मिळते. फायदा खरा आहे, पण कोणत्या पेपरांना आणि किती मार्कांवर, ते प्रवेश घेण्याआधी लेखी बघून घ्या. वरच्या टप्प्याचे पेपर मात्र बहुतेकांना नोकरी सांभाळून, रात्री जागून द्यावे लागतात. त्यात एखादा पेपर दोन-तीनदा देणं हे नेहमीचंच. घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पण मला पदवीचा उपयोग झाला तो पेपरांतून सूट मिळवण्यासाठी नाही, अडखळण्यासाठी. पहिल्या वर्षी एक गणित होतं : वार्षिक परिणामी व्याजदर (व्याजावरचं व्याज धरून वर्षभरात प्रत्यक्ष पडणारा दर) १२ टक्के, पैसे दर महिन्याला भरायचे. मी १२ ला १२ ने भागून महिन्याला १ टक्का धरला आणि पानभर आकडेमोड केली. सरांनी ती तपासलीच नाही. एवढंच म्हणाले, “१०० रुपये वर्षभर ठेवून बघ.” ठेवले. ११२.६८ झाले. व्हायला हवे होते ११२. महिन्याचा बरोबर दर निघतो सुमारे ०.९४९ टक्के. ६८ पैशांसाठी एवढं काय, असं मला वाटलं. मग त्यांनी तेच १०० रुपये ४० वर्षं पुढे न्यायला लावले. माझी रक्कम खऱ्या रकमेच्या सव्वापटीच्या वर गेली होती. पेन्शनचे हिशेब ४० वर्षांचेही असतात. परीक्षेच्या तयारीत असते तर उत्तर चुकलं म्हणून सूत्र पाठ करून पुढे गेले असते.

दुसऱ्या वर्षी आयुर्मानाचं गणित सुरू झालं ते एडमंड हॅलीच्या तक्त्यापासून. हो, धूमकेतूवाला हॅली. १६९३ साली त्याने ब्रेस्लाउ (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून, कोणत्या वयाला किती माणसं जिवंत असतात याचा तक्ता मांडला. त्यात ४० वर्षांची माणसं ४४५ आणि ४७ वर्षांची ३७७, म्हणजे मधल्या सात वर्षांत ६८ गेली. चाळिशीतला माणूस आणखी सात वर्षं जगेल यावर पैज लावायची तर ३७७ ला ६८, जवळजवळ साडेपाचास एक. आम्हाला वाटलं, झालं, एवढंच तर आहे. बाईंनी विचारलं, “हे शहरच का घेतलं त्याने?” वर्ग गप्प. लंडन आणि डब्लिनमध्ये बाहेरून येणाऱ्यांची इतकी भर पडायची की मृत्यूंच्या नोंदींवरून तिथल्या आयुष्याचा अंदाज निघत नव्हता. ब्रेस्लाउमध्ये ये-जा कमी. एका रकान्याखाली काय काय गृहीत धरलेलं असतं, त्यावर आमचे पुढचे दोन तास गेले.

त्याच बाईंनी पुढे एकदा विमा आणि पेन्शन या दोन्हींसाठी एकच तक्ता वापरून आणलेलं माझं काम परत केलं. आयुर्विम्यात माणसं अपेक्षेपेक्षा लवकर गेली तर कंपनी तोट्यात, पेन्शनमध्ये जास्त जगली तर. म्हणजे सावधगिरीने धरायचे मृत्युदर एकीकडे थोडे चढे, दुसरीकडे थोडे उतरते. शिवाय आयुष्यभराचं पेन्शन स्वतःहून विकत घेणारा माणूस सहसा तब्येतीने ठणठणीत असतो. आजारी माणूस कशाला त्यात पैसे अडकवेल? हे कळायला गणित लागत नाही. पण गणितात रमलेल्या माणसाला हेच उशिरा सुचतं, निदान मला तरी.

म्हणून कोणी ‘घेऊ का?’ विचारलं की मी एक काम सांगते. हॅलीच्या तक्त्यात ३० वर्षांची माणसं आहेत ५३१. त्यांतली निम्मी कधी उरतात ते शोधा. ५७ आणि ५८ च्या मध्ये सापडतं. तेवढ्यावर समाधान झालं, तर साधं गणित किंवा संख्याशास्त्र घ्या, दारं जास्त उघडी राहतील आणि परीक्षा नंतरही देता येतील. आणि ‘हे आकडे बायकांचे होते की पुरुषांचे?’ असं मनात आलं, तर अर्ज भरा. तक्त्यात दोघं एकत्रच मोजलेली आहेत.