झोपू द्या ना त्याला, सिस्टर!

न्यूरो वॉर्डात नाईट केलेल्या प्रत्येकीने हे ऐकलंय, "अहो सिस्टर आत्ताच डोळा लागलाय, झोपू द्या ना जरा." आणि आपण मात्र दर तासाला हाक मारायची, नाव विचारायचं, हात दाबायला लावायचा, डोळ्यात टॉर्च मारायचा. नातेवाईक वैतागतात, वैतागणारच, पण डोक्याला मार लागलेला माणूस झोपलाय की गुंगीत चाललाय हे उठवल्याशिवाय कळतच नाही.

कवटी म्हणजे झाकण पक्कं बसलेला डबा, आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. बाईकवरून पडून आत रक्त साकळलं किंवा सूज आली की आधी थोडं पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर सरकून जागा करून देतं, म्हणून सुरुवातीला पेशंट छान बोलतो, चहासुद्धा मागतो. ही सोय संपली की मग डोक्यातलं प्रेशर भराभर चढतं. मोठ्या माणसात हे प्रेशर नॉर्मल साधारण ५ ते १५ एमएमएचजी, २२ च्या वर राहिलं की उपचार लागतात.

नवीन मुलींना कुशिंग ट्रायड, म्हणजे डोक्यातलं प्रेशर फार वाढल्याची तीन लक्षणं, तोंडपाठ असतो, बीपी वाढणार, पल्स उतरणार, श्वास वेडावाकडा होणार. बरोबर आहे गं, पण ते दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, डोळ्याची एक बाहुली मोठी होणं पण बहुतेक वेळा उशिराचंच. त्याआधी मघाशी वार बरोबर सांगणारा आता अडखळतो, उगाच चिडतो, सलाईन ओढतो, डोकं धरून बसतो, भडाभडा उलटी करतो. जीसीएस, म्हणजे शुद्धीचा स्कोअर, १५ चा १३ झाला की "थोडासाच कमी आहे" म्हणत बसायचं नाही, सरांना फोन. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. ओरडले तर ओरडू देत.

बाकी आपल्या हातात बरंच असतं. डोक्याकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ. श्वासाच्या ट्यूबची पट्टी किंवा मानेची कॉलर गळ्याला आवळलेली नको, मानेच्या शिरा दबल्या की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. सक्शनच्या, म्हणजे ट्यूबमधला कफ ओढून काढायच्या, आधी ऑक्सिजन द्यायचा आणि १० सेकंदात बाहेर यायचं. सक्शन, स्पंजिंग, कूस बदलणं सगळं एका दमात उरकायची आपल्याला भारी हौस, पण प्रेशरचा आकडा खाली येऊ दे मग पुढचं काम. ताप अंगावर काढायचा नाही, शौचाला जोर करायला लागू नये म्हणून औषध चालू आहे ना बघायचं. मॅनिटॉल, म्हणजे डोक्यातलं प्रेशर उतरवायचं सलाईन, त्याचे थंडीत गोठून खडे होतात, बाटली कोमट करून खडे पूर्ण विरघळवायचे, फिल्टरवाला सेट लावायचा आणि लघवी मोजायची.

आणि ईव्हीडी ड्रेन, म्हणजे मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी नळी, असेल तर बेड वरखाली करायच्या आधी क्लॅम्प लावून ती बंद, मग परत कानाच्या लेव्हलला लावून उघडायचा. नाहीतर बेड वर गेला की पाणी नको तेवढं वाहून जातं. आमच्याकडे बेडच्या रिमोटलाच चिकटपट्टी लावलीय, "सिस्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये". तरी लावतातच.