तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघ्याला गोळी बरी की हळदीची कॅप्सूल?

आरोग्य केंद्रातली औषधे वाटण्याची नोकरी संपून सहा वर्षे झाली, तरी पऱ्हाटी फुटून वेचणी सुरू झाली की वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात ओट्यावर बसलेल्या मला एकच प्रश्न हमखास विचारला जातो. “भाऊ, गुडघ्याले ते डायक्लोची गोळी बरी का हळदीची कॅप्सूल? गोळीनं किडनी जाते म्हणतात नं?” विचारणाऱ्याकडे बहुधा दोन्ही असतात: खिशात गोळ्यांची स्वस्त पट्टी आणि पिशवीत मुलाने शहरातून पाठवलेला महागडा डबा.

दुखणे थांबवण्याच्या कामी डायक्लोफेनॅक उजवी आहे आणि तिचा गुण तास-दीड तासात दिसतो. अडचण अशी की तिचा गुण आणि अवगुण एकाच ठिकाणाहून येतात. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधे (डायक्लोफेनॅक त्यांतलीच) ती तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1971 साली दाखवले आणि 1982 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. हीच द्रव्ये गुडघ्यात सूज आणि ठणका वाढवतात. पण तीच जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतात आणि अंगातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणारे रक्तही टिकवून धरतात. गोळीला गुडघा आणि जठर यांतला भेद कळत नाही.

आता आमच्याकडची बाई ती गोळी कशी घेते ते पाहा. सकाळी काळ्या चहाबरोबर, उपाशीपोटी गोळी घेऊन ती शेतात जाते. तिथे आडोसा नसतो म्हणून दिवसभर मुद्दाम पाणी कमी पिते. ऑक्टोबरचे ऊन डोक्यावर असते. आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असते, कधी जोडीला लघवी वाढवणारी गोळीही असते. या सगळ्यांची बेरीज मूत्रपिंडावर पडते. म्हणून “किडनी जाते” हे म्हणणे सरसकट खरे नसले, तरी अशा बाईच्या बाबतीत मी ते हसण्यावारी नेत नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी डायक्लोफेनॅक टाळावी, असे तर युरोपच्या औषध नियामकांनी 2013 सालीच सांगितले आहे.

माझ्या वहिनींना आठ दिवस डांबरासारखी काळी शौच होत होती. त्या लोहाच्या गोळ्या घेत होत्या आणि लोहाने शौच काळी होते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नाही. चक्कर येऊन पडल्यावर दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा जठरात रक्त वाहणारा व्रण निघाला. घरातल्या डब्यात दोन पट्ट्या सापडल्या, एक डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅसिक्लोफेनॅकची आणि दुसरी बाजारातून आणलेली डायक्लोफेनॅकची. नावे वेगळी असली तरी जात एकच असल्यामुळे त्या दुप्पट मात्रा घेत होत्या, आणि जन्मभर गोळ्या मोजण्यात घालवलेल्या मी त्यांना कधी विचारले नव्हते.

(आपल्या आकाशातली गिधाडे याच औषधाने गेली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली; 2006 साली सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, पण हे विसरूही नये.)

हळदीविषयी आमच्या भागात अभिमान आहे, कारण भौगोलिक मानांकन मिळालेली वायगावची हळद आमच्याच तालुक्यातली. तिच्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीतले ज्याच्यासाठी कॅप्सूल घेतात ते पिवळे द्रव्य, सहा टक्क्यांच्या आसपास भरते, इतर बऱ्याच हळदींत तीनच्या आसपास. तरीही अभ्यासांत वापरतात तेवढे, म्हणजे दिवसाला 1500 मिलिग्रॅम कुरकुमिन मिळवायला वायगावची हळदसुद्धा रोज 25 ग्रॅम खावी लागेल, तेव्हा भाजीतल्या चिमटीचा आणि कॅप्सूलचा हिशेब एक धरू नये. शिवाय कुरकुमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पायपेरीन घालतात.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याच्या 139 रुग्णांपैकी काहींना कुरकुमिन आणि काहींना डायक्लोफेनॅक 28 दिवस दिली गेली. दुखणे दोन्हीकडे जवळपास सारखेच कमी झाले; मात्र डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांपैकी 28 टक्क्यांना आम्लपित्ताचे औषध लागले, कुरकुमिनवाल्यांत एकालाही नाही. हे वाचून मला आनंद झाला, पण हुरळून गेलो नाही, कारण आपण काय घेतो हे रुग्णांना ठाऊक होते, आणि गुडघा दुखतो वर्षानुवर्षे, 28 दिवस नव्हे. कॅप्सूलही अगदी निरुपद्रवी नाही. वायू आणि जुलाब ही किरकोळ तक्रार झाली. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर रक्तस्रावाची भीती असते, पित्ताशयात खडे असतील तर ती टाळावी, आणि जास्त शोषल्या जाणाऱ्या प्रकारांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आहेत.

सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनबद्दलही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत 1583 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने 64 टक्के लोकांना आराम पडला, औषध नसलेल्या, नुसत्या पिठाच्या गोळीने 60 टक्क्यांना. त्यासाठी पैसे घालवावेत असे मला वाटत नाही. शिवाय ते बहुधा खेकडे-झिंग्यांच्या कवचापासून काढतात, हे माळकऱ्यांना आधीच सांगितलेले बरे.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो, की ठणका असह्य असेल तर डॉक्टरांनी दिलेली एकच गोळी, भाकरी खाल्ल्यावर, मोजके दिवस घ्या. शक्य असेल तर त्याच औषधाचे जेल चोळा, ते रक्तात फार थोडे उतरते. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना दाखवून तीन महिने घ्या आणि फरक नसेल तर सोडा.

वहिनींनी व्रण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, गेल्या हंगामात कॅप्सूल घेऊन पाहिली. गुडघा हलका वाटला, असे त्या म्हणाल्या. पण त्याच हंगामात त्यांनी वेचणीला जाणे निम्म्यावर आणले होते, त्यामुळे गुण कॅप्सूलचा की विसाव्याचा यावर आमच्या घरात अजून वाद आहे. डबा संपल्यावर दुसरा मात्र त्यांनी मागवला नाही.