शरत कमल यांची निवृत्ती

रविवार, ३० मार्च २०२५

अचंता शरत कमल या आठवड्यात आपल्या चेन्नईतच शेवटची स्पर्धा खेळून व्यावसायिक टेबल टेनिसमधून निवृत्त झाले. त्यांना हरवणारा स्नेहित सुरवज्जुला हा आपलाच तरुण खेळाडू होता, याचे मला मनापासून बरे वाटले.

त्यांच्या पदकांचा हिशेब आता सगळे मांडतील आणि तो मांडायलाच हवा. मला मात्र आज सारखे हे जाणवत आहे की, ज्या खेळावर त्यांनी लहानपणी वडील आणि काकांच्या देखरेखीखाली हात बसवला, तो खेळ पुढे वारंवार बदलत गेला आणि प्रत्येक वेळी त्यांना तो हात पुन्हा बसवावा लागला. त्यांच्या शालेय वयात चेंडू ३८ मिलिमीटरचा होता आणि गेम २१ गुणांचा. २००० मध्ये चेंडू ४० मिलिमीटरचा झाला. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण हवेचा विरोध वाढल्याने वेग आणि फिरकी दोन्ही उतरले. पुढच्याच वर्षी गेम ११ गुणांवर आला आणि मागे पडलेल्या खेळाडूला सावरायला मिळणारा अवधी निम्म्यावर आला. २००८ मध्ये, सामन्यापूर्वी बॅटवरच्या रबराला ताजा गोंद लावून त्याची उसळी वाढवण्याच्या पद्धतीवर बंदी आली; २०१४ मध्ये सेल्युलॉइडऐवजी प्लॅस्टिकचा चेंडू आला आणि फिरकी आणखी घटली. ज्याचा सारा खेळ जोरकस फोरहँड टॉपस्पिनवर, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्यावर उभा आहे, त्याच्यासाठी यातला प्रत्येक बदल म्हणजे हातातल्या हत्याराची धार कमी होणे होते.

म्हणूनच त्यांची दोन सुवर्णपदके मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी एकेरीचे सुवर्ण मिळवले, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला तेच सुवर्ण पुन्हा जिंकताना ते ४० वर्षांचे होते. मधल्या १६ वर्षांत चेंडू, रबर आणि प्रतिस्पर्ध्यांची अख्खी पिढी बदलली होती. अंतिम सामन्यात इंग्लंडच्या लियम पिचफर्डने पहिला गेम घेतला, त्यानंतरचे चारही गेम शरत यांनी जिंकले.

यामागे जर्मनीतल्या क्लबांसाठी खेळलेल्या हंगामांचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे. अल्टिमेट टेबल टेनिस ही आपली व्यावसायिक लीग २०१७ मध्ये सुरू झाली. त्याआधी तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यांशी नियमित सामने हवे असतील, तर घर सोडून युरोप गाठण्यावाचून पर्याय नव्हता.

आम्हा मुंबईकरांना कमलेश मेहता यांच्या आठ राष्ट्रीय अजिंक्यपदांचा फार अभिमान. शरत यांनी २०१९ मध्ये कटकला नववे अजिंक्यपद मिळवून तो विक्रम मोडला आणि पुढे संख्या दहावर नेली. मेहता यांच्याविषयीचा माझा आदर त्यामुळे तसूभरही कमी झालेला नाही.

पाच ऑलिंपिक खेळूनही त्यांना तिथले पदक मिळाले नाही, याची हळहळ मला आहे. तरीही त्यांचा एकच सामना पुन्हा पाहायचा असेल, तर मी टोकियो ऑलिंपिकमधला, चीनच्या मा लाँगविरुद्ध हरलेला सामना निवडीन. दुसरा गेम शरत यांनी ११-८ असा घेतला होता आणि तिसऱ्यात त्या जगज्जेत्याला १३ गुणांपर्यंत जावे लागले होते. पुढचे दोन गेम एकतर्फी झाले, पण त्या तिसऱ्या गेममध्ये मा लाँग अडचणीत होता.