तुम्ही विचारलंत म्हणून: घरी त्याला काय शिकवू?

अंगणवाडीच्या दारात चपला काढता काढता आया विचारतात, "ताई, हा नीट बोलत नाही. घरी काय शिकवू?" बहुतेकींनी तक्ता आणलेला असतो. हे काय? ते काय? मूल दोन-चार उत्तरं देतं आणि तोंड फिरवतं.

मी सांगते, मेथी निवडायला बसाल तेव्हा त्याला जवळ घ्या.

परवा माझी अडीच वर्षांची नात काडी हातात धरून म्हणाली, "पान तुटला." मी म्हटलं, "हो गं, पान तुटलं. नुसता देठ राहिला." 'तुटला नाही, तुटलं म्हण' असं काही बोलले नाही. मग गप्प बसले. मोठ्यांना हे गप्प बसणं जड जातं, पण मूल तेवढ्यात शब्द जुळवत असतं. तिने देठ वाकवला, नाकाला लावला. "आजी, देठ कडू?" "चाखून बघ की." तोंड वाकडं झालं. "कडू कडू! आजोबांना देऊ." लगेच उठून गेलीसुद्धा.

तक्त्यावर हा 'देठ' नव्हता, 'कडू' तर नव्हताच. शिवाय प्रश्न तिने विचारला.

दिवसभर आईजवळ असणारे मुलगे "मी जाते" म्हणतात. घरचे घाबरतात, हसतात. हसू नका, ऐकलं तेच उचललंय त्याने. 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणणारं मूल तर मला फार हुशार वाटतं. बसलं, पळलं, तसं करलं. नियम त्याचा त्याने शोधला. आपण "हो, तू केलंस" म्हणावं आणि पुढे बोलावं. मोबाइलवरचं गाणं त्याच्या बोलण्यासाठी थांबत नाही, त्याला उत्तरही देत नाही. आणि घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच बोला, मराठी आम्ही इथे बघतो.

पण दोन वर्षं पूर्ण झाली तरी मूल "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येणारे शब्द बंद झाले असतील, तर आधी कान तपासून घ्या. "याचे वडीलही उशिराच बोलले" म्हणून वर्ष घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. त्या दिवशी तरी मुलाला घरी ठेवू नका, आणि डॉक्टरांना तो काय बोलतो, काय बोलत नाही, ते तुम्ही स्वतः येऊन सांगा.