मत्थिया की पौल, हे तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या महिला मंडळाच्या शास्त्राभ्यासात बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय निघाला की कुणीतरी विचारतंच : "ताई, मत्थियाची निवड चुकलीच ना? देवाच्या मनात पौल होता ना?" उपासनेनंतर अंगणात तेच, फोनवरही तेच. तोंडी सांगताना माझा आवाज चढतो आणि निम्मं राहून जातं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

नाही, मला ती निवड चुकलेली वाटत नाही. येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाची जागा बारा प्रेषितांत रिकामी होती. जमलेल्या सुमारे १२० जणांपुढे पेत्रानं अट सांगितली : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला जाईपर्यंत जो आमच्याबरोबर वावरला, असाच माणूस हवा. पौल प्रभूकडे नंतर वळला, तो या अटीत बसतच नाही. योसेफ बर्सबा, ज्याला युस्तही म्हणत, आणि मत्थिया अशी दोन नावं पुढं आली, प्रार्थना झाली, चिठ्ठी मत्थियाची निघाली. "पुढं त्याचं नावच येत नाही," असं तुम्ही म्हणता. मग बारांतल्याच बर्थलमयाचं तरी कृत्यांत पुढं कुठं येतं? थोमाचं? सहाव्या अध्यायात कृत्यांचा लेखक लूक सरळ 'बारा' लिहितो, तेव्हा पौलाचा अजून पत्ताही नाही. आणि करिंथकरांना लिहिताना खुद्द पौल बारा जणांना वेगळं मोजतो, स्वतःला सगळ्यांच्या शेवटी.

हे सगळं मला कॉलेजात असतानाही पाठ होतं. तरी मी तेव्हा हिरिरीनं उलटी बाजू मांडायचे. पवित्र आत्मा उतरायच्या आधी घाईनं काढलेली चिठ्ठी, म्हणायचे. कॅम्बेल मॉर्गनसारखा उपदेशक त्या निवडीला चूक म्हणतो, हे तर मी तोंडावर फेकायचे. पण माझं खरं कारण शास्त्रात नव्हतंच.

मी शाळेत होते तेव्हा आमच्या मंडळीच्या कमिटीत एका जागेसाठी पप्पांना आणि दुसऱ्या एका काकांना सारखी मतं पडली. दोन्हीकडचे लोक आधीच हमरीतुमरीवर आले होते, फेरमतदान कुणालाच नको होतं. पाळकसाहेबांनी हाच पहिला अध्याय वाचला, वहीचं पान फाडून दोन तुकडे केले, नावं लिहिली आणि घड्या घालून दानाच्या पिशवीत टाकली. शब्बाथ शाळेतल्या एका चिमुरडीला पुढं बोलावलं. तिचा हात कोपरापर्यंत पिशवीत गेला. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर होते, तिथून पप्पांची फक्त पाठ दिसत होती. नाव काकांचं निघालं. टाळ्या वाजल्या, पप्पांनीही वाजवल्या. मग दाराशी एकेक जण त्यांचा हात हातात घेऊन म्हणायला लागला, "देवाची इच्छा, भाऊ." ज्यांनी त्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं, तेच हे जास्त म्हणत होते. घरी आल्यावर आई एवढंच बोलली की दोन्ही घड्या सारख्या नव्हत्या. पप्पा तिच्यावर कधी नव्हे ते ओरडले : चिठ्ठीवर संशय घ्यायचा नाही! त्यानंतर त्यांनी कमिटीसाठी नाव दिलं नाही. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या घालणं मात्र सोडलं नाही.

मत्थिया चुकीचा ठरला की ती चिठ्ठीही चुकीची ठरते, असा माझा हिशेब होता. त्या वयातल्या मला मी आजही दोष देत नाही. पण चिठ्ठी म्हणजे नुसता जुगार, हेही मला पटत नाही. १९१७ साली मॉस्कोत रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीचा कुलपती, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, निवडताना अखेरच्या तीन नावांत तीखोन यांना सर्वांत कमी मतं होती, चिठ्ठी त्यांचीच निघाली, आणि क्रांतीनंतरच्या छळात रशियन मंडळी त्यांनीच सांभाळली. कैरोत २०१२ साली डोळे बांधलेल्या मुलानं काचेच्या भांड्यातून इजिप्तच्या कॉप्टिक मंडळीच्या प्रमुखपदासाठी तवाद्रोस यांचं नाव काढलं. दोन्हीकडे आधी मतदान झालं होतं, मग प्रार्थना, मग चिठ्ठी. आमच्याकडेही क्रम तोच होता. मग तिथं देवाचा हात आणि इथं घडीची चूक, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

आणि तरी अडतंच. हेरोद राजानं प्रेषित योहानाचा भाऊ, बारांतलाच याकोब, याला तलवारीनं मारलं, तेव्हा त्याच्या जागी कुणीच चिठ्ठी काढली नाही. का? जागा मरणानं नव्हे, विश्वासघातानं रिकामी होते, असं उत्तर देतात. मी स्वतःही वर्गात तेच देते, पण मनाचं समाधान होत नाही. गलतीकरांना पौल ठासून लिहितो की आपण माणसांकडून नेमलेले प्रेषित नाही. हे लिहिताना त्याच्या मनात ती चिठ्ठी नसेलच, असंही मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण मत्थिया की पौल, या वादात बर्सबाचं नाव तुम्ही कुणीच कसं घेत नाही? पेत्राची अट त्यानंही तंतोतंत पुरी केली होती. तीन वर्षं तोही मागं मागं चालला होता. मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस त्याच्याही आधीच्या पापियस या लेखकाच्या हवाल्यानं सांगतो की या युस्तानं पुढं विष प्यालं आणि प्रभूच्या कृपेनं त्याला काही झालं नाही. म्हणजे चिठ्ठी न निघालेला माणूस मंडळी सोडून गेला नव्हता. पुढच्या अभ्यासाला प्रश्न काढाल तेव्हा त्याच्याबद्दल विचारा, त्यावर मी हवा तेवढा वेळ बोलेन.