सरांनी परत दिलेली वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक निघतोय, तू पण काहीतरी लिही असा फोन आला आणि खरं सांगतो, मला ना इमारत आठवली ना गॅदरिंग, डोळ्यासमोर आले ते आपले मराठीचे सर.

नववीत मी वर्गातल्या एका मुलावर विनोदी निबंध लिहिला होता. मराठी बोलता बोलता तो मध्येच कादोडीत, म्हणजे आपल्या वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती लोकांच्या बोलीत घसरायचा, ते सगळं मी जसंच्या तसं उतरवलं, मुलं पोट धरून हसली. आमच्या घरी पण कादोडीच, पण मी ते लपवायचो. तासाला सर काहीच बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत स्टाफरूमबाहेर बोलावलं, वही हातात दिली. "लिहितोस बरा. आता असंच तुझ्या आजीवर लिही, आणि आधी तिला वाचून दाखव." दोन दिवस बसलो, एक ओळ लिहवली नाही. कोरं पान घेऊन गेलो तर सरांनी पाठीवर हात ठेवला, बस्स. त्याच दिवशी त्या मुलाची माफी मागितली.

सर स्वतः किती बोचरं लिहायचे ते तुम्हाला माहीतच आहे. कर्ज काढून केलेली लग्नं, विकलेल्या वाड्या, चर्चमध्ये पुढच्या बाकासाठी चढाओढ, काही सोडलं नाही. आपलेच लोक चिडायचे, आधीच आपण मूठभर, त्यात घरचं चव्हाट्यावर कशाला? सर म्हणायचे, मूठभर आहोत म्हणूनच आपली खोट आपण सांगायची. मला हे आजही शंभर टक्के पटतं.

फादर स्टीफन्सचं काव्य शिकवताना तर सरांचा आवाजच बदलायचा. इंग्लंडहून आलेला माणूस मराठीत ओव्या रचतो, १६१६ ला ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापून येतं, आणि तुम्ही वसईची पोरं मराठी उसनी आणल्यासारखी बोलता!

आता मीही शिकवतो, थोडंफार छापून येतं. ज्याच्यावर लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवतो, त्यात दोन लेख फाडावे लागले. आपल्या शाळेच्या मागची केळीची वाडी गेली, तिथे आता टॉवर आहे, सरांनी त्याच्यावर काय लिहिलं असतं हे राहून राहून मनात येतं.

जानेवारी २०२० मध्ये आपल्या वसईचे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तेव्हा सरांचा फोन आला होता. खूप खुशीत होते. "आता तरी आजीवर लिही, कादोडीतच लिही." हो हो म्हटलं आणि राहून गेलं. गेल्या महिन्यात सुरू केलंय, पाच पानं झालीत. आजी नाही, सरही नाहीत, वाचून कुणाला दाखवू?