टणटण आणि बद्द

काल दुपारी माठ घ्यायला गेले होते, आणि सवयीनं एकेक माठ बोटाच्या पेरानं ठोकत सुटले. लेकाला कंटाळा, "आई, सगळे सेमच आहेत ना?" सेम कसले, टणटण वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर तडा तरी गेलाय नाहीतर कच्चा तरी राहिलाय. हे मला आजीनं काही बसवून वगैरे शिकवलं नाही. ती बाजारात पंधरा-पंधरा माठ वाजवायची, शेवटी कुंभारमामा वैतागून म्हणायचे, "मावशे, जावई बघतीस का माठ?" आणि आजी, "जावई ठोकून बघता येत नाही, म्हणून माठ तरी ठोकते!"

कॉलेजात असताना डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये गेलो होतो, तिथे जोर्वेची भांडी बघितली. जोर्वे म्हणजे आपल्या संगमनेरजवळचं, प्रवरेकाठचं, 1950-51 मध्ये तिथे खोदकाम झालं आणि गावाचं नाव थेट एका संस्कृतीला मिळालं. लाल भांडं, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, एकाला तर मस्त तोटी. तीन हजार वर्षांहून जुनी, पण सर म्हणाले इतकी पक्की भाजलीयेत की वाजवली तर धातूसारखी वाजतात. मधे काच होती, मी काचेवरच टिचकी मारली, सर काय बोलले ते जाऊ दे.

त्याच जोर्वे संस्कृतीच्या, घोड नदीकाठच्या इनामगावला तर 1968 ते 1983 खोदत होते. तिथे म्हणे इ.स.पू. 1000 च्या सुमाराला दिवस फिरले, पाऊस कमी झाला असावा, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या आणि भांडीही जाडीभरडी, नक्षी जवळपास गायब. हे मला फार पटलं, आमच्याकडेही ओढाताणीच्या वर्षी आधी दारातली रांगोळी आटोपशीर व्हायची.

पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. लहान मूल गेलं की ते लोक त्याला दोन मडक्यांत ठेवायचे, तोंडाला तोंड लावून आडवी, आणि पुरायचे घरातच, जमिनीखाली. वर रोजचं घर चालू, चूल, झाडलोट, सगळं.

माठ आणला, पाणी भरून ठेवलाय. लेक येताजाता टिचक्या मारतोय. मघाशी उगाचच ओरडले त्याच्यावर.